गावच्या वारली कला केंद्राला कंपनीशी करार करायचाय? आधी हे कागद, मग सही

नाशिक जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडे गावानेच चालवलेल्या कला केंद्राला सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतली एखादी कंपनी मदत देऊ करत असेल, तर पहिल्याच बैठकीत विचारा: हे पैसे सीएसआरचे (म्हणजे कंपनीने कायद्यानुसार समाजकामासाठी खर्चायचे), की चित्रांची किंमत? वेष्टनावर किंवा कॅलेंडरवर छापायला चित्रं हवी असतील तर तो व्यवहार आहे. त्याचं रीतसर बिल करा, देणगी म्हणून घेऊ नका.

सीएसआरचा निधी केंद्राने स्वतः खर्चायचा तर नोंदणी हवी. किमान सात सभासदांनी मिळून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवायची, मग १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली सार्वजनिक न्यास. दोन्ही कामं नाशिकच्या धर्मादाय कार्यालयात होतात. घटना व नियमावली, सभेचा ठराव, सभासदांची संमतिपत्रं, आधार-पॅन, जागामालकाचं संमतिपत्र आणि जागेचा पुरावा जवळ ठेवा. त्यानंतर संस्थेचं पॅन, बँक खातं, आयकर खात्याकडे धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी आणि देणगीदाराला करसवलत देणारी मान्यता (१९६१ च्या आयकर कायद्यातली १२ए आणि ८०जी). शेवटी सीएसआर-१ हा ऑनलाइन अर्ज. तो सनदी लेखापाल, कंपनी सचिव किंवा परिव्यय लेखापाल यांच्यापैकी एकाकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो.

अडचण येते ती एका अटीपाशी: सीएसआरचा निधी घेणाऱ्या संस्थेला अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. नव्या संस्थेला तोवर जुन्या नोंदणीकृत संस्थेमार्फत काम करावं लागतं. अशा वेळी करार कंपनी, ती संस्था आणि केंद्र अशा तिघांचा करा. केंद्राची सही नसलेल्या कागदावर केंद्राचा हक्क कसा राहील?

कराराचा मसुदा मराठीत मागा आणि सही करण्याआधी गावात मोठ्याने वाचा. पेठ, सुरगाणा, कळवण हे अनुसूचित क्षेत्र आहे. परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला दिला आहे. म्हणून ग्रामसभेचा ठराव कराराला जोडाच. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चित्र, सवाशिणी बायका देवीसाठी लिहितात. तो बिस्किटाच्या पुड्यावर जावा की नाही, हे कंपनीने नव्हे, गावाने ठरवायचं.

‘सर्व हक्क कायमचे कंपनीकडे’ असं वाक्य दिसलं तर थांबा. कोणतं चित्र, कशासाठी, किती वर्षं, कुठे आणि किती मोबदल्यात, हे लेखी हवं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार करारात मुदतच लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच गेले असं धरतात. आणि हक्क विकले तरी चित्र आपलं आहे हे सांगण्याचा, त्याची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा अधिकार चितारणाऱ्याकडेच राहतो. म्हणून प्रत्येक चित्राचा फोटो काढा. मागे चितारणाऱ्या बाईचं नाव आणि तारीख लिहून ठेवा.