काटेरी वाम (मत्स्यपालन)

काटेरी वाम हा मॅस्टासेम्बेलिडी कुलातील गोड्या पाण्याचा मासा. अंग लांबट आणि सापासारखे असले तरी खऱ्या वाम माशांशी (ॲन्ग्विलिफॉर्मिस गण) त्याचे जवळचे नाते नाही. पाठीच्या पराआधी सुट्या, टोकदार काट्यांची रांग असते, त्यावरून हे नाव पडले. हा मासा हातात धरला तर काटे टोचतात. मूळचा आशिया आणि आफ्रिकेतला हा मासा घरगुती टाकीतही बराच काळ जगतो, मात्र त्याला तळाशी वाळू हवी.

दिवसा तो वाळूत शिरून फक्त मांसल, लवचीक नाकाड बाहेर ठेवतो. खवले अगदी बारीक असल्याने खरबरीत खडीवर त्याची कातडी सोलवटते आणि जखमेत जिवाणू शिरतात. म्हणून गोल कणांची बारीक वाळू निदान पाच-सात सेंटिमीटर जाड पसरावी. नव्या पाळणाऱ्याने टाकीच्या सजावटीपेक्षा या थराकडे अधिक लक्ष द्यावे. रोपे कुंडीत किंवा लाकडाला बांधून लावलेली बरी, कारण वाळूतली रोपे तो उखडतो.

खरेदीच्या वेळी जात ओळखणे महत्त्वाचे. मोर वाम (मॅक्रोग्नॅथस सायमेन्सिस) ३० सेंटिमीटरच्या आसपास थांबते. तांबड्या पट्ट्यांची अग्नी वाम (मॅस्टासेम्बेलस एरिथ्रोटीनिया) मात्र एक मीटरपर्यंत वाढू शकते. बोटाएवढे पिल्लू पाहून ती लहान टाकीसाठी घेणे हा त्या जिवावर अन्यायच आहे.

पाणी २४ ते २८ अंश सेल्सिअस आणि स्वच्छ असावे. झाकण घट्ट हवे. गाळणीची नळी जाते तेवढ्या फटीतूनही हा मासा निसटतो आणि सकाळी जमिनीवर वाळलेला सापडतो.

खाणे रात्रीचे. दिवे मालवल्यावर गांडुळे, ब्लडवर्म (पाण्यातल्या लाल अळ्या) किंवा ट्युबिफेक्स (चिखलातले बारीक लाल कृमी) द्यावेत. कोरडे दाणे तो सहसा खात नाही, आणि दिवसा खाणे टाकले तर चपळ सोबती सारे फस्त करतात. अशा टाकीत वाम उपाशी राहून हळूहळू खंगते, आणि ती वाळूत दडलेली असल्याने ते लक्षातही येत नाही. तोंडात मावतील असे छोटे मासे सोबत ठेवू नयेत. तांबेयुक्त औषधे तिला सोसत नाहीत, त्यामुळे आजारी माशांवर वेगळ्या टाकीत उपचार करावेत.