डार्ट हातात असतानाच पडायला लागला पाहिजे

३ जानेवारी २०२५ च्या रात्री लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये १७ वर्षांच्या ल्यूक लिटलरनं मायकेल व्हॅन गर्वेनला ७-३ असं हरवलं आणि तो डार्ट्सचा, म्हणजे गोल बोर्डावर छोटे बाण फेकण्याच्या खेळाचा, आजवरचा सगळ्यात तरुण विश्वविजेता झाला. बक्षीस ५ लाख पौंड. त्यानंतर या विषयावरच्या गप्पांत एक वाक्य माझ्या कानावर इतक्यांदा पडलं की शेवटी लिहायलाच बसलो. ते वाक्य म्हणजे, “काय नजर आहे पोराची!”

नजर चांगली असेलच. पण डार्ट जिथं लागतो तिथं तो नजरेमुळे लागत नाही.

आधी मैदान समजून घेऊ. फेकणाऱ्याच्या पायापुढच्या रेषेला ‘ऑकी’ म्हणतात. तिथून बोर्डाचा पृष्ठभाग २.३७ मीटरवर, आणि बोर्डाचा मध्यबिंदू जमिनीपासून १.७३ मीटर उंच. ५०१ पासून उलटे गुण मोजत शून्यावर यायचं आणि शेवटचा डार्ट डबलमध्ये, म्हणजे दुप्पट गुणांच्या पट्टीत मारायचा. भरभर गुण कमी करायचे तर सगळ्यांचा डोळा ट्रिपल २० वर, म्हणजे २० चे तिप्पट गुण देणाऱ्या पट्टीवर. तीन डार्ट तिथं बसले की १८० होतात आणि सभागृहात कानठळ्या बसतात. ही ट्रिपल २० ची पट्टी साधारण ३२ मिलिमीटर रुंद आहे आणि उंची फक्त ८ मिलिमीटर. ती बोर्डाच्या माथ्यावर आडवी पडलेली असल्यामुळे डावी-उजवीकडची चूक थोडीफार खपून जाते. वर-खालची चूक मात्र खपत नाही, आणि वर-खालची चूक कुठून येते हाच आजचा खरा विषय आहे.

डार्टचा वेग सेकंदाला ६ मीटर धरू. हात स्थिर अवस्थेतून या वेगाला साधारण ४० सेंटिमीटरच्या प्रवासात पोचतो. सरासरी वेग ३ मीटर, म्हणजे ही सगळी पुढची झेप सुमारे ०.१३ सेकंदात संपते. डोळ्यानं काही पाहून मेंदूनं हाताला दुरुस्तीचा हुकूम द्यायचा तर जवळपास ०.२ सेकंद लागतात. हिशेब सरळ आहे: हात निघाल्यानंतर नजरेला काही करायला वेळच उरत नाही. पाहायचं ते आधी पाहून झालेलं असतं. पुढचं सगळं स्नायूंच्या पाठांतरावर चालतं.

आता कागद-पेन्सिल घ्या. कोपर एका जागी स्थिर आहे आणि पुढचा हात त्याभोवती बिजागरीसारखा फिरतोय असं समजा. कोपरापासून डार्टपर्यंत ४० सेंटिमीटर. ६ भागिले ०.४, म्हणजे कोनीय वेग सेकंदाला १५ रेडियन. एका मिलिसेकंदात हात ०.०१५ रेडियन, म्हणजे जेमतेम एक अंश वळतो. बोटं एक मिलिसेकंद उशिरा उघडली तर डार्टची दिशा तेवढी खाली वळलेली असते आणि सुमारे २ मीटर उडून गेल्यावर ती चूक ३ सेंटिमीटर झालेली असते. पट्टी तर ८ मिलिमीटरची! म्हणजे डार्ट तिच्यात बसायचा तर बोटं पाव मिलिसेकंदाच्या खिडकीत उघडायला हवीत. आपल्या मज्जातंतूंकडून इतक्या काटेकोर वेळेची अपेक्षा ठेवणं म्हणजे बैलगाडीनं विमानाशी शर्यत लावणं.

तरीही माणसं तासन्‌तास १८० मारत असतात. मग हे जमतं कसं?

मला या खेळातलं सगळ्यात देखणं वाटतं ते याचं उत्तर. चेंडू वर फेकला की तो अन्वस्तावरून, म्हणजे पॅराबोलावरून जातो, हे शाळेत शिकवतात. डार्टही तसाच जातो. हवेतल्या ०.३५ सेकंदात गुरुत्वामुळे तो सुमारे ६० सेंटिमीटर खाली येतो, म्हणून तर तो थोडा वरच्या दिशेनं फेकावा लागतो. आता अशी कल्पना करा की हात सोडण्याच्या सुमाराला, थोडा वेळ का होईना, नेमका त्याच अन्वस्तावरून आणि त्याच वेगानं चालला आहे, ज्यावरून सुटलेला डार्ट पुढे जाणार आहे. मग बोटं आत्ता उघडली काय किंवा तीन मिलिसेकंदांनी उघडली काय, डार्ट त्याच वाटेवर राहणार. लवकर सुटला तर तो हाताच्या बरोबरीनं त्याच रेषेवर चालत राहील, उशिरा सुटला तरी त्याच रेषेवर पुढून निघेल. वेळेची चूक होईल, पण तिचा परिणाम होणार नाही.

दोरी तुटलेल्या लिफ्टमध्ये हातातली किल्ली सोडली तर ती पायावर पडत नाही, समोर तरंगत राहते, कारण दोघंही एकाच त्वरणानं पडत असतात. डार्टचंही तेच. त्या काही मिलिसेकंदांत हातानं दोन गोष्टी करायच्या: पुढे ढकलणं थांबवायचं, आणि खालच्या दिशेला बरोबर गुरुत्वाएवढं, म्हणजे ९.८ चं त्वरण घ्यायचं. डार्ट अजून बोटांत आहे, पण भौतिकशास्त्राच्या हिशेबानं त्याचं मुक्त पतन सुरू झालंय. यातली पहिली अट आपोआप जमू शकते. हाताचा वेग शिखरावर असतो त्या क्षणी तो ना वाढत असतो ना कमी होत असतो, म्हणून डार्ट वेगाच्या शिखराजवळच सुटावा. दुसरी अट अवघड. या वेगाला अन्वस्ताची वक्रता मोजली तर त्रिज्या वेगाचा वर्ग भागिले ९.८, म्हणजे ३६ भागिले ९.८, जवळपास ३.७ मीटर येते. आपला पुढचा हात फिरतो ०.४ मीटरच्या वर्तुळात. नऊपट फरक! माणसाला पावणेचार मीटरचा हात नसतो.

पण खांदा असतो आणि मनगट असतं. फेकताना कोपर शेवटी थोडं वर उचललं गेलं, तर बिजागरी स्वतःच सरकते आणि हाताच्या टोकाची वाट सपाट होते. मोठ्या खेळाडूंची फेक संथ गतीत पाहा. पुष्कळांचं कोपर डार्ट सुटताना वर जाताना दिसेल. “कोपर हलवू नको” असा सल्ला नवशिक्यांना दिला जातो. शिकताना तो उपयोगी आहे, पण त्यातला अर्धा भाग पुढे विसरावा लागतो. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी निष्णात खेळाडूंच्या फेकी मोजल्या, तेव्हा त्यांच्यात दोन पंथ आढळले. काहींची सोडण्याची वेळच कमालीची अचूक होती. काहींची वेळ तितकी अचूक नव्हती, पण हाताची वाट अशी होती की सोडण्याची खिडकीच लांब झाली होती. मला दुसरा पंथ जास्त हुशार वाटतो.

शेपटीबद्दल थोडक्यात. डार्टचा गुरुत्वमध्य पुढे आणि हवेचा दाब घेणारी पिसं, म्हणजे फ्लाइट, मागे. म्हणून नाक वाकडं झालं तरी वातकुक्कुटासारखं ते पुन्हा वाऱ्याच्या दिशेला येतं, थोडं पलीकडे जातं, परत येतं. सरळ करणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे हेलकावा वेगाच्या प्रमाणात जलद होतो, आणि गंमत म्हणजे एका हेलकाव्यात डार्ट जेवढं अंतर कापतो ते जोरात फेकला तरी तेवढंच राहतं. दुकानातली फ्लाइट ‘अचूकता वाढवते’ या जाहिरातीवर फार विसंबू नका. ती डार्ट सरळ ठेवते, तुमची बोटं वेळेवर उघडत नाही. टंगस्टनचं मात्र खरं आहे. त्याची घनता पितळेच्या दुपटीहून जास्त असल्यानं तेवढ्याच वजनाचा डार्ट बारीक होतो आणि त्या चिंचोळ्या पट्टीत तिसऱ्याला जागा उरते.

आता अंकशास्त्रवाल्यांकडे वळू, कारण ते अशा वेळी हटकून येतात. लिटलरचा जन्म २१ जानेवारी २००७ चा, २ आणि १ मिळून ३, अंतिम सामना ३ तारखेला, प्रतिस्पर्ध्याला सेटही ३. चमत्कार! फक्त एक अडचण आहे. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जानेवारी २०२४ ला, हाच ३ चा मुलगा याच सभागृहात ल्यूक हम्फ्रीजकडून ७-४ असा हरला होता.

आकड्यांची खरी करामत हवी असेल तर ती नेम कुठे धरावा यात आहे. २० च्या दोन्ही बाजूंना १ आणि ५ बसवले आहेत, म्हणजे चुकणाऱ्याला शिक्षा. १९ च्या बाजूंना ३ आणि ७. संख्याशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये हिशेब मांडला: तुमच्या फेकींचं प्रमाण विचलन, म्हणजे त्या नेमाभोवती किती विखुरतात त्याचं माप, साधारण १६ मिलिमीटरच्या आत असेल तरच ट्रिपल २० परवडतो. त्याहून जास्त असेल तर ट्रिपल १९ बरा. आणि हात फारच सैल असेल तर सगळ्यात चांगला नेम बोर्डाच्या मध्याच्या किंचित खाली डावीकडे. बहुतेक नवशिके तरीही २० वरच मारतात, कारण टीव्हीवर तेच दिसतं.

या सगळ्याची काळी बाजू एरिक ब्रिस्टोनं भोगली. १९८६ साली त्यानं पाचवं विश्वविजेतेपद मिळवलं आणि त्यानंतर फार दिवस गेले नाहीत, तोच त्याला डार्ट सोडता येईना. नजर शाबूत, ताकद शाबूत, हात बोर्डाच्या दिशेनं जायचा आणि बोटं उघडायचीच नाहीत. खेळाडू याला ‘डार्टायटिस’ म्हणतात. तो पुढेही बरीच वर्षं खेळत राहिला, पण सहावं विजेतेपद त्याला मिळालं नाही.