मांस शिजलं, माणूस नाही

मे महिन्यात भुसावळला गाडी थांबली की पुण्या-मुंबईचे प्रवासी पाण्याची बाटली घ्यायला म्हणून दारात येतात आणि तोंडावर झळ बसताच मागे फिरतात. पारा 45 च्या आसपास, आणि फलाटावरचा हमाल डोक्याला रुमाल गुंडाळून निवांत चहा पीत असतो. आम्हा खानदेशी लोकांना या उन्हाचा जरा गर्वच आहे. पण अडीचशे वर्षांपूर्वी लंडनमधल्या काही मंडळींनी केलेला उद्योग वाचला आणि माझा तरी तो उतरला.

जॉर्ज फोर्डाइस या डॉक्टरने एक खोली भट्टीसारखी तापवली आणि ओळखीच्यांना आत बोलावलं. त्यांत चार्ल्स ब्लॅग्डन होते, कॅप्टन कुकबरोबर जगप्रवास करून आलेले जोसेफ बँक्सही होते. उष्णता वाढवत वाढवत ब्लॅग्डन 260 फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे 127 सेल्सिअसपर्यंत गेले. तिथे ते कपड्यांनिशी आठ मिनिटं थांबले आणि छातीवर दडपण आल्यावर बाहेर पडले. घड्याळाच्या साखळीला हात लाववत नव्हता. बोटांवर फुंकर मारली तर ती गार लागे, थर्मामीटरवर मारली तर पारा खाली येई! आत ठेवलेली अंडी 20 मिनिटांत कडक झाली. मांसाचा तुकडा 47 मिनिटांत शिजून वाळत आला. दुसऱ्या तुकड्यावर भात्याने वारा घातला, तर तो 13 मिनिटांतच तयार. एका कुत्रीलाही अर्धा तास आत ठेवलं होतं, पाय भाजू नयेत म्हणून टोपलीत. ती धडधाकट बाहेर आली. (तिला कोणी विचारलं नव्हतं, हे वेगळं.)

हे सगळं 1775 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. जिवंत शरीरात उष्णता मारण्याची काही खास शक्ती असावी, असं या मंडळींना वाटत होतं. पण उत्तराचा मोठा भाग त्यांच्याच एका साध्या प्रयोगात होता. त्यांनी मातीची दोन सारखी भांडी पाणी भरून तापल्या खोलीत ठेवली. एकात मेणाचा तुकडा टाकला, तो वितळून पाण्यावर साय धरली. ते पाणी जास्त तापलं. नुसतं पाणी मात्र तास उलटला तरी उकळीच्या जवळपास जाईना. मग त्यावर तेलाचे थेंब सोडले आणि अखेर दोन्ही भांडी खळखळून उकळली.

माठ वापरणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, आणि तीही थोडीथोडकी नाही: लिटरभर गार पाणी उकळीला आणायला जेवढी लागते, तिच्या सहा-सात पट. ब्लॅग्डनना घाम येत होता, मांसाला येत नव्हता. म्हणून मांसाला भात्याचा वारा भोवला. ओल्या अंगाला वारा तारतो.

पण हवाच ओली असेल तर घाम उडणार कुठे? 1905 मध्ये जॉन स्कॉट हाल्डेन यांनी याचा माग काढला. खाणीतले विषारी वायू स्वतः हुंगून पाहणारा हा माणूस. तापलेल्या दमट जागीही स्वतःच जाऊन बसला आणि अंगाचा ताप मोजत राहिला. त्यांना दिसलं की खरा हिशेब ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरचा असतो. वारा पडलेला असताना तो 31 सेल्सिअसच्या वर गेला, की नुसत्या बसलेल्या माणसाचंही अंग तापू लागतं. काम करणाऱ्याची मर्यादा आणखी खाली.

आता आपला हिशेब. हवा 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर ओला थर्मामीटर 23 च्या आसपास राहतो. हवा 36 अंश, पण आर्द्रता 75 टक्के, तर तो 32 वर जातो. पारा आठ अंशांनी कमी, धोका मात्र जास्त! रोहिणीत आभाळ भरून आलं की वाळ्याच्या ताट्यांचा कूलर नुसता घरघरतो, त्याचंही हेच कारण.

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत हे पावसाची वाट न पाहताच कळतं. ठिबकने जमीन ओली, डोक्यावर पानांचं छत, लू अडवायला कडेने शेवरी किंवा हिरवी जाळी. केळीला हे मानवतं. कापणीला आलेली माणसं खांद्यावर घड घेऊन बांधावर येतात तेव्हा सदरा पिळून काढावा इतका भिजलेला असतो. बांधावर रणरणतं ऊन असतं. तरी घड उतरवून माणूस तिथेच, वाऱ्याच्या तोंडाला उभा राहतो.

"सावलीत बसा ना, दादा."

"थांबा जरा. इथं गार लागतंय."