धक्क्याला की नांगरावर? बोटीच्या सफरीत ‘बंदर’ म्हणजे नक्की काय

भूमध्य समुद्रातल्या बारा-पंधरा दिवसांच्या सफरीचं पत्रक उघडलं की बंदरांची यादी दिसते. ऱ्होड्स, सकाळी ८ ते संध्याकाळी ५. सँतोरिनी, सकाळी ८ ते संध्याकाळी ५. दोन्ही ग्रीसची बेटं. वाचणाऱ्याला वाटतं, दोन्हीकडे नऊ-नऊ तास मिळणार. पण ऱ्होड्सला बोट धक्क्याला लागते, जिना लावला की चालत थोड्याच वेळात तुम्ही मध्ययुगीन तटबंदीच्या दरवाजात असता. सँतोरिनीला बोट पाण्यातच थांबते आणि किनारा गाठायला दुसरी होडी लागते. या होडीला टेंडर म्हणतात.

कोकणातल्या जुन्या पिढीला हा फरक वेगळा सांगावा लागत नसे. मुंबईहून निघालेली आगबोट बऱ्याच बंदरांत बाहेर समुद्रातच थांबायची आणि उतारू पडावातून, म्हणजे लहान होडीतून, किनाऱ्याला यायचे. टेंडर म्हणजे तोच पडाव, फक्त इंजिनाचा. कारणं मात्र वेगळी. आपल्याकडे खाड्या उथळ, गाळाच्या, आणि भरती-ओहोटी मोठी. मुंबईला उधाणाच्या दिवसांत पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी हा फरक अर्ध्या मीटरच्याही आत असतो. त्यामुळे तिथली जुनी शहरं पाण्याला खेटून उभी राहिली आणि सकाळी लावलेला जिना संध्याकाळपर्यंत जवळपास त्याच उतारावर राहतो. तिथे बोट बाहेर थांबते ती धक्का अपुरा आहे, आधीच भरला आहे किंवा त्याच्यालगत पाणी कमी आहे म्हणून.

‘आमची बोट छोटी आहे, म्हणजे सगळीकडे धक्का मिळणार’ हे अर्धंच खरं. शंभर-दीडशे प्रवाशांच्या बोटीला साधारण चार-पाच मीटर खोली पुरते, तर हजारो प्रवाशांच्या बोटीला आठ-नऊ मीटर लागते. म्हणून क्रोएशियातल्या कोर्चुलासारख्या गावात छोटी बोट थेट तटाखाली लागते आणि मोठी बाहेर उभी राहते. डाल्मेशियाच्या, म्हणजे क्रोएशियाच्याच, किनाऱ्यावर आणखी एक पद्धत आहे: उन्हाळ्यात धक्का भरला की छोट्या बोटी एकमेकींना खेटून बांधतात. मग तुमची बोट ‘धक्क्याला’ असली तरी किनाऱ्यावर जायला दोन-तीन शेजारच्या बोटींच्या डेकवरून चालत जावं लागतं. गुडघे दुखत असतील तर त्या बोटींमधले उंबरठे आणि फटी जपूनच ओलांडाव्यात.

धक्का म्हणजे गाव असंही नाही. क्रोएशियातल्याच दुब्रोवनिकमध्ये बोटी ग्रुझच्या बंदरात लागतात. तिथून जुन्या शहराचा पिले दरवाजा सुमारे ३ किलोमीटर आहे, म्हणजे बस किंवा टॅक्सी आलीच. उलट जी बोट लोक्रुम बेटाजवळ नांगरते, तिचे टेंडर तुम्हाला थेट जुन्या बंदरात, तटाच्या आत सोडतात. ग्रीसच्या मिकोनोस बेटाचंही तसंच. नवा धक्का तूर्लोसला, गावापासून सुमारे २ किलोमीटरवर. टेंडर मात्र जुन्या बंदरात, गावाच्या तोंडाशी. या दोन ठिकाणी समुद्र शांत असेल तर नांगरलेली बोटच बरी. माल्टाच्या राजधानीला, व्हॅलेटाला, उलटा न्याय: बोट ग्रँड हार्बरच्या धक्क्याला लागते, शहर मात्र डोक्यावर, उंच कड्यावर. तिथे २०१२ पासून चालू असलेली अप्पर बराक्का बागेकडे नेणारी ५८ मीटरची लिफ्ट शोधायची. रस्त्याने चढत बसू नये.

आता नांगराविषयी. बोटीला धरून ठेवण्यात नांगराइतकाच वाटा तळावर पसरलेल्या साखळीचा असतो, म्हणून ती खोलीच्या कितीतरी पट सोडतात. साखळी मोजतात ‘शॅकल’मध्ये, एक शॅकल म्हणजे २७.५ मीटर. तीस मीटर खोलीत पाच शॅकल, म्हणजे सव्वाशे मीटरहून जास्त, सोडणं नेहमीचं. वारा फिरला की बोट नांगराभोवती फिरते. वारा एकीकडून आणि लाटा दुसरीकडून आल्या तर बोट लाटांना आडवी होऊन डुलत राहते. प्रवासात काही न झालेल्या माणसाला नांगरलेल्या बोटीत मळमळतं ते यामुळे.

होडीत उतरणं हा कौशल्याचा भाग आहे, पण राजापुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेलेल्यांना तो ओळखीचा वाटेल. किल्ल्याच्या दरवाजाशी होडी वर-खाली होत असते आणि नावाडी ‘आता’ म्हणेपर्यंत कोणी पाय टाकत नाही. इथेही तेच. दोन्ही हात मोकळे हवेत. पिशवी पाठीवर, मोबाइल आणि काठी खलाशाकडे. खलाशाचा पंजा धरायचा नाही. त्याच्या मनगटाच्या वर कोपराकडे पकडायचं, तोही तुम्हाला तसंच पकडतो. घामाने किंवा पाण्याने ही पकड सुटत नाही. होडी लाटेवर वर आली की एकच पाऊल टाकायचं. खाली जात असताना पाय टाकला तर पायरी अर्धा मीटर खाली गेलेली असते आणि घोटा मुरगळतो. झोडियाक म्हणजे हवा भरलेली रबरी होडी असेल तर तिच्या कडेवर बसून सरकत मागे जायचं, उभं राहायचं नाही. एका झोडियाकमध्ये साधारण दहा-बारा माणसं बसतात. व्हीलचेअर लागणाऱ्यांना लाटा असतील तर टेंडरमध्ये घेत नाहीत, हे बुकिंगच्या आधीच विचारून घ्यावं.

वेळेचा हिशेब असा. धक्क्याला बोट सुटण्याआधी बहुधा अर्धा तास परत यायचं असतं. नांगरावर शेवटचा टेंडर आणखी आधी सुटतो. सकाळी आधी बोटीच्या स्वतःच्या सहलींची माणसं उतरतात, बाकीच्यांना क्रमांकाची चिठ्ठी मिळते. ८ ते ५ मधले दोन तास तरी असे जातात. स्वतः गाइड ठरवला असेल तर त्याला साडेनऊच्या आधीची वेळ देऊ नये.

वाऱ्याने दोन्ही बिघडतात, पण वेगळ्या तऱ्हेने. धक्क्यावर अडचण येते ती वारा बोटीला बाजूने ढकलतो तेव्हा. उंच बोटीला जास्त, छोटीला कमी. नांगरावर बोट कदाचित टिकेल, पण होडी तिच्या जिन्याशी आपटू लागली की कॅप्टन उतरणं थांबवतो. त्याआधी तो बोट आडवी करून एका बाजूला वाऱ्याचा आडोसा करून बघतो. ग्रीस आणि तुर्कस्तानच्या मधल्या एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये मेलतेमी हा उत्तरेचा वारा निरभ्र आकाशातही दिवसचे दिवस वाहतो. मिकोनोससाठी मे किंवा ऑक्टोबर निवडला तर या वाऱ्याचा त्रास कमी. कॅप्टनने बंदर वगळलं तर तिकिटाच्या अटींनुसार त्याला तो अधिकार असतो, म्हणून विम्यात ‘मार्ग बदल’ समाविष्ट आहे का ते वाचावं.

पत्रकात टेंडरच्या बंदरापुढे नांगराचं चिन्ह किंवा तारा असतो. नसेल तर एजंटला प्रत्येक बंदराचं नाव घेऊन विचारा: धक्का की टेंडर, आणि उतरण्याची जागा कोणती? माँटेनेग्रोतल्या कोटोरसारख्या ठिकाणी उत्तर त्या दिवशीच्या गर्दीवर ठरतं. धक्का मिळाला तर जुन्या शहराच्या तटाचा १५५५ चा समुद्रदरवाजा समोरच, नाही तर खाडीत नांगर.

सँतोरिनी मात्र दोन्हींत बसत नाही. ते बुडालेल्या ज्वालामुखीचं विवर आहे आणि पाणी काही ठिकाणी चारशे मीटरच्या जवळपास खोल, म्हणून बहुतेक जागी नांगर तळाला पोचतच नाही. बोट इंजिनाच्या जोरावर जागा धरते आणि स्थानिक होड्या प्रवाशांना ‘फिरा’ या मुख्य गावाच्या जुन्या बंदरात नेतात. वर गाव दोनशे मीटरहून उंचीवर. १९७९ ची केबल कार, जवळपास ६०० पायऱ्या किंवा खेचरं, एवढेच पर्याय. केबल कारच्या एका खेपेत सहा डबे, प्रत्येकात सहा माणसं. दुपारी तीन-चार बोटींचे प्रवासी एकदम परतायला लागले की रांग तासाच्या पुढे जाते. शेवटची होडी ४:३० ला असेल तर ३ वाजता रांगेत लागा. गुडघे धड असतील तर पायऱ्यांनी अर्ध्या तासात खाली येता येतं, पण गुळगुळीत दगड आणि खेचरांची लीद यामुळे बूट चांगल्या पकडीचे हवेत.