लहान जबडा, ४२ दात

रत्नागिरीपासून मालवणापर्यंत आता पडवीत राखणीच्या गावठी कुत्र्याशेजारी पॉमेरेनियन, पग, शित्झूही दिसू लागले आहेत. या छोट्या जाती मुळातच दीर्घायुषी. शरीर वाढवणारं आयजीएफ-१ हे संप्रेरक त्यांच्या रक्तात कमी असतं. त्याच्या जनुकातल्या फरकाचा लहान चणीशी असलेला संबंध २००७ मध्ये समोर आला. ग्रेट डेन ८-१० वर्षांत थकतो, पॉमेरेनियन १२ ते १६ वर्षं जगू शकतो. या आयुष्याला पहिली कात्री लागते ती तोंडात, आणि नेमकं तिथेच कोणी बघत नाही.

कुत्रा केवढाही असो, पक्के दात ४२च. लांब जबड्यात ते ऐसपैस बसतात. पगच्या तोंडात जागेअभावी वाकडे, एकमेकांवर रेटलेले येतात. फटींत अन्न अडकतं, जिवाणूंचा चिकट थर बसतो आणि लाळेतल्या क्षारांमुळे दोन-तीन दिवसांत त्याचं कीटण होऊ लागतं. ओठ हळूच वर करून वरच्या मोठ्या दाढेची बाहेरची बाजू पाहा. लाळेची नळी तिथेच उघडते, म्हणून पिवळट-तपकिरी कवच बहुधा आधी तिथे दिसतं. हिरडीची कड लालभडक असेल, तर आतलं हाडही झिजू लागलेलं असू शकतं. पुढे इवल्या कुत्र्यांचा खालचा जबडा इतका कमकुवत होतो की साध्या उडीनेही मोडू शकतो. ‘कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच’ हा समज म्हणूनच मला फार घातक वाटतो. लहान मुलांचा मऊ ब्रश, कुत्र्यांसाठीची पेस्ट आणि रोजचं एक मिनिट, एवढं पुरतं. आपली टूथपेस्ट नको. कुत्रा ती गिळतो आणि काही पेस्टमधलं झायलिटॉल त्याला विष आहे.

मग आपली दमट हवा. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांतून, तोही नावापुरता. अंग थंड होतं ते धापा टाकून, जिभेवरचा आणि नाकातला ओलावा उडून गेल्याने. मे महिन्यात किनाऱ्यावरची हवा आधीच बाष्पाने भरलेली, मग तो उडणार कसा? पारा पस्तिशीच्या आत असला तरी आखूड नाकाचा पग अशा दुपारी कोसळू शकतो. फिरायला पहाटेच न्या. गळ्यात पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घाला, कारण छोट्या जातींची श्वासनलिका नाजूक असते. उकडतंय म्हणून पॉमेरेनियनचे केस मुळापासून कापू नका. कधी कधी ते पुन्हा धड येतच नाहीत.

पाऊस लागला की लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यातून, चिखलातून, पायाच्या बारीक जखमेवाटे आत शिरतात. कोकणात माणसांनाही हा आजार होतो आणि आजारी कुत्र्याच्या लघवीतून तो घरात येऊ शकतो. त्यामुळे दरवर्षीची लस पावसाआधी टोचून घ्याच.

गोचीड मात्र बारमाही. चिऱ्याच्या भिंतीच्या फटीत मादी हजारो अंडी घालते, त्यामुळे नुसता कुत्रा धुऊन भागत नाही, भिंतीही बघाव्या लागतात. कानाची आतली बाजू, बोटांच्या बेचक्या रोज चाचपा. गोचिडांमुळे रक्तात आजार शिरू शकतो. म्हणून खाणं सुटलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या, नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे रक्त तपासून घ्या.

राहता राहिलं खाणं. कांदा-लसणाचं कालवण, खारवलेली सुकी मासळी नकोच. लॅब्रेडॉर कुत्र्यांच्या एका दीर्घ अभ्यासात जोडीला ठेवलेल्या भावंडापेक्षा २५ टक्के कमी खाणारे कुत्रे साधारण दोन वर्षं जास्त जगले. तीन किलोच्या जिवाला तर भाकरीचा अर्धा तुकडाही जड. कुशीवरून हात फिरवला की बरगड्या सहज लागायला हव्यात. लागत नसतील तर आपल्या ताटातला घास आजपासून बंद.