नाणेफेकीआधी विचारला जाणारा प्रश्न

येत्या रविवारी सांगलीत आमच्या टीममधल्या, गेलेल्या मित्राच्या आठवणीसाठी भरवलेला फुटबॉलचा सामना आहे. त्या दिवशी नाणेफेकीआधी रेफ्री दोन्ही कॅप्टनना बोलावून विचारतो, "पेटी आली का?" पेटी म्हणजे एईडी, लय बिघडून रक्त ढकलेनासं झालेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र. नव्या पोरांना हा प्रश्न कुठून आला ते ठाऊक नसतं, म्हणून लिहितोय.

तो बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता, वय २०. सांगली तशी कुस्तीची आणि क्रिकेटची. विजय हजारे इथलेच. फुटबॉलचं वेड बघायचं तर मिरजेला नाहीतर थेट कोल्हापूरला जायचं, आणि हा जायचा. मिरजेहून गाडी पकडून शाहू स्टेडियमवर मॅच बघायची आणि दुसऱ्या दिवशी तिथला एखादा डाव आमच्यावर करून बघायचा. लेफ्ट विंगला खेळायचा. बुटाची लेस तळव्याखालून दोनदा फिरवून बांधायचा. हाफ टाइमला बॅगेतून भडंगाची पुडी काढायचा, कोच कितीही ओरडले तरी.

सरावात एका संध्याकाळी, कुणाचा धक्का न लागता, तो पळता पळता तोंडावर पडला. आम्हाला वाटलं चक्कर. कुणी पाणी मारलं, कुणी कांदा आणायला धावलं. छाती दाबायची असते, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. मोटरसायकलवर त्याला मधे बसवून नेलं. मी मागे होतो, त्याचं डोकं माझ्या खांद्यावर. हृदय थांबलं आणि छाती दाबली नाही, तर झटका मिळेपर्यंतच्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते, हे मी पुढे वाचलं. आम्हाला दवाखान्यात पोचायला बारा मिनिटं लागली होती.

शवविच्छेदनात कळलं की हृदयाचा स्नायू जन्मजात दोषामुळे जाड झाला होता. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. साधारण ५०० माणसांत एकाला असते. बहुतेकांना त्रास होत नाही, काहींना पहिला त्रास हाच. त्याला मात्र दोन महिने आधी एकदा पळताना भोवळ आली होती. "जेवला नसशील," म्हणून आम्ही सोडून दिलं. ते वाक्य माझं होतं.

याच आजाराने कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-विवियन फोए २६ जून २००३ला ल्योंच्या मैदानावर कोसळला आणि गेला. मला जास्त सलतो तो मार्च २०१२. १७ तारखेला लंडनमध्ये फाब्रिस मुआंबाचं हृदय थांबलं, ७८ मिनिटं. मैदानावरच उपचार सुरू झाले, तो वाचला. चारच दिवसांनी बंगळुरूत डी. व्यंकटेश हा २७ वर्षांचा खेळाडू जिल्हा लीगच्या सामन्यात पडला. तिथे रुग्णवाहिका नव्हती. त्याला रिक्षातून नेलं, तो वाचला नाही. २०२१च्या युरो कपात कोपनहेगनला ख्रिश्चन एरिक्सन पडला तेव्हा झटका देणारं यंत्र हाताशी होतं. तो परत खेळला.

दुसरी गोष्ट तपासणीची. इटलीने १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची केली. तिथल्या व्हेनेटो भागात तरुण खेळाडूंचे असे अचानक मृत्यू पुढच्या वीसेक वर्षांत जवळजवळ ९० टक्क्यांनी घटले. ईसीजीत सगळं सापडतं असं नाही, पण या आजारात बहुतेकदा फरक दिसतो. आमच्याकडे ईसीजीला साधारण दोन-तीनशे रुपये लागतात.

म्हणून आपल्या सामन्याला दोन अटी आहेत. पेटी आल्याशिवाय शिट्टी वाजत नाही, आणि प्रत्येक टीममधल्या पाच जणांना तरी छाती दाबता आली पाहिजे; त्याचा सराव आदल्या दिवशी उशीवर घेतो. नावनोंदणीच्या टेबलावर काकू बसतात, त्याची आई. चष्मा लावून एकेकाचा ईसीजीचा कागद बघतात. त्यातलं त्यांना कळत नाही, ते डॉक्टर बघतात. त्या नाव आणि तारीख तपासतात. गेल्या खेपेला एका पोराला त्यांनी परत पाठवलं. कागद आदल्या वर्षीचा होता.