माशाच्या पोटातलं प्लास्टिक आणि माशाच्या मांसातलं प्लास्टिक

वास्कोच्या बाजारात बांगडे साफ करून घेताना शेजारच्या वहिनींनी विचारलं, "भाऊजी, ध्रुवाकडच्या माशांतही म्हणे प्लास्टिक सापडलं. मग आपण खायचं तरी काय?" तोवर मासेवालीने पोट चिरून आतडी बाजूला टाकलीही होती. अर्धं उत्तर तिथेच पडलं होतं.

ध्रुवीय समुद्रातल्या माशांच्या अशा बातम्या बहुतेक वेळा पोटाच्या आणि आतड्यांच्या तपासणीतून येतात. आर्क्टिकमधला पोलर कॉड घ्या. हा वीतभर मासा लहानपणी समुद्री बर्फाखाली वाढतो आणि पाण्यातले बारीक जीव खातो. अटलांटिकचे प्रवाह दक्षिणेकडचा कचरा तिकडे नेतात. पाणी गोठताना प्लास्टिकचे पाच मिलिमीटरहून लहान कण बर्फात अडकतात आणि बर्फ वितळला की पुन्हा पाण्यात सुटतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लिटरभर समुद्री बर्फात १२,००० पर्यंत कण आढळले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात मात्र ७२ लहान पोलर कॉडपैकी दोघांच्याच पोटात प्लास्टिक निघालं. त्यात प्लास्टिकचे बारीक धागे मोजलेच नव्हते, कारण संशोधकाच्या कपड्यांवरचा धागाही नमुन्यात पडू शकतो. म्हणून 'इतके टक्के मासे दूषित' असं वाचलं की मी आधी बघतो, धागे धरलेत की वगळलेत.

पोटातला कण बराचसा विष्ठेवाटे निघून जातो. माशाच्या आसपास काय तरंगत होतं, एवढंच तो सांगतो. मांसात पोहोचायला कणाला आतड्याची भिंत ओलांडावी लागते. ते अतिसूक्ष्म कणांनाच जमतं, आणि असे कण शोधणंही फार अवघड. मांस रसायनात विरघळवून, गाळून, उरलेला एकेक कण प्लास्टिकचाच आहे का, हे प्रकाशकिरणांनी पारखावं लागतं. त्यामुळे पोटातला आकडा मांसाला चिकटवणं मला चूक वाटतं.

ध्रुव आपल्याला वाटतो तितका परकाही नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्यातूनच निघाली, आणि ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र इथेच, वास्कोत आहे.

वहिनींना म्हटलं, बांगडा, इसवण निश्चिंत खा, पोट टाकूनच देतो आपण. सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, काळा दोरा हे तिचं आतडंच, तेही काढतो. प्रश्न आहे तो जवळ्याच्या, म्हणजे इवल्याशा सुक्या कोळंबीच्या, किसमुरीचा आणि तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांचा. ते पोटासकट आपल्या ताटात येतात, तिथे हा फरक उरत नाही. तिसऱ्या तर पाणी गाळूनच जगतात. रेव सुटावी म्हणून आपण त्या मिठाच्या पाण्यात ठेवतो, तेव्हा रेवेबरोबर काही कणही बाहेर पडतात, सगळे नाही.